आराखडा गावाचा असेल, तर आकडाही गावाला आधी कळू द्या : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास व पंचायत राज मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब,
स. न. वि. वि.

मी पाच वर्षं एका गावाची सरपंच होते. गाव पर्जन्यछायेतलं. चार वाड्या धरून दोन हजारांच्या आसपास वस्ती. बाजरी, कांदा, थोडं डाळिंब आणि घरटी दोन-चार शेरडं किंवा एखादी गाय, यावर चालणारं. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की चौकशी गावाची लागते आणि विषय बाजूला पडतो. मला विषयच पुढे ठेवायचा आहे.

निवडून आले त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्यावरून निरोप आला की तुमच्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा अजून ऑनलाइन चढलेला नाही, आजच्या आज भरा. दुपारी तीनला आम्ही तिघं बसलो. मी, ग्रामसेवक (आता पद ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं झालं) आणि संगणक परिचालक मुलगा. मुलाने मागच्या वर्षीची यादी काढली. चार कामं खोडली, पाच घातली. आराखड्यासाठी ठरवून दिलेल्या नऊ संकल्पनांपैकी एक निवडायची होती, तर 'जलसमृद्ध गाव' निवडली, कारण पाण्याची कामं यादीत आधीपासून होती. साडेपाचला मी सही केली. दोन हजार माणसांच्या पुढच्या वर्षाचा विचार अडीच तासांत उरकला. त्या सहीची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, नीट करायचं. २ ऑक्टोबरपासून सुरुवात केली. वाडीवार बैठका, शिवारफेरी, ग्रामसभेच्या आधी महिला सभा, सगळं मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. महिला सभेला नेहमी पंधरा-वीस बायका यायच्या, त्या दिवशी साठच्या वर आल्या, कारण उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, ग्रामसंघातल्या ताईंनी घरोघर जाऊन सांगितलं होतं. मला वाटलं होतं पाणी, गटार, दिवाबत्ती असं काहीतरी निघेल. पहिलीच मागणी बाजाराची निघाली.

आमच्या गावाला मंगळवारी आठवडे बाजार भरतो. आजूबाजूच्या सहा गावांचं माणूस येतं. आमच्या बायका भाजी, अंडी, कडधान्य, सुकवलेल्या भाज्या घेऊन बसतात, त्या जमिनीवर, गोणपाट टाकून. पाऊस पडला की चिखल. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर कोथिंबीर-मेथी माना टाकते, मग पाच रुपयांची जुडी दोन रुपयाला द्यावी लागते. बाहेरचा व्यापारी टेम्पो आणि ताडपत्री घेऊन येतो, त्याचं नडत नाही. एक आजी उठून म्हणाली, "ओटा द्या आन् वर पत्रा द्या, मग तुमच्या योजना ऱ्हाऊ द्या." चर्चा पुढे गेली तशा आणखी गोष्टी निघाल्या. बाजाराच्या कडेला एक खोली, जिथे उरलेला माल पुढच्या दिवसापर्यंत राहील. एक वजनकाटा गावाच्या मालकीचा. बायकांसाठी संडास, कारण सकाळी सातला आलेली बाई संध्याकाळी पाचपर्यंत पाणी पीत नाही. ही शेवटची गोष्ट मी सरपंच असून, बाई असून, तोवर मला दिसली नव्हती.

साहेब, मला तो आराखडा आजही गावात झालेला सगळ्यात शहाणा कागद वाटतो. त्यात बायकांची कमाई होती, शेतमालाचा भाव होता, आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्नही होतं, कारण बाजार वसुलीचा लिलाव दरवर्षी होतो आणि बाजार नीट भरला तर बोली वाढते. घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणाऱ्या ग्रामपंचायतीला यापेक्षा सरळ आर्थिक विकास कुठला?

तो आराखडा घेऊन मी दीड वर्ष फिरले. एका कार्यालयात सांगितलं, "मॅडम, याला हेड नाही," म्हणजे खर्च टाकायला लेखाशीर्ष नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, पाणी आणि स्वच्छतेचा पैसा बंधित आहे, त्यातून फार तर संडास होईल, ओट्यांना हात लावता येणार नाही. तिसऱ्या ठिकाणी एका भल्या माणसाने खरं ते सांगितलं, "लोकप्रतिनिधींचं पत्र आणा, २५१५ मध्ये बसवू." मी तोवर हा आकडा ऐकून होते, त्याचं पूर्ण नाव वाचलं नव्हतं. त्या लेखाशीर्षाच्या नावातच आहे : लोकप्रतिनिधींनी सुचविलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे. ग्रामसभेने सुचविलेल्या कामांचं असं एखादं लेखाशीर्ष कुठे आहे, हे मला पाच वर्षांत कुणी दाखवलं नाही. पत्र मिळालं, पण ते मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक बसवण्याचं मिळालं. ब्लॉक बसले. चांगले बसले. ग्रामसभेत ते कुणी मागितले नव्हते.

आता पैशाचा हिशेब मांडते. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. आकडा मोठा दिसतो. २०११ च्या जनगणनेतली ग्रामीण लोकसंख्या सुमारे ८३ कोटी. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण ५७० रुपये. आपल्या राज्यात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, दहा-दहा टक्के पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला. त्या ८० टक्क्यांतला ६० टक्के पैसा बंधित, निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा. राज्याराज्यांत फरक पडतो, पण देशाच्या सरासरीने पाहिलं तर गावाच्या मर्जीचा पैसा माणशी वर्षाला दोनशे रुपयांच्याही आत येतो. दोन हजार वस्तीच्या गावाला साडेतीन-पावणेचार लाख.

याच पैशातून काय काय भागवायचं? आपले सरकार सेवा केंद्राचा खर्च अनेक वर्षं दरमहा १२,३३१ रुपयांनी याच निधीतून गेला, म्हणजे वर्षाला जवळजवळ दीड लाख. २०२१ मध्ये शासनाने सांगितलं, पथदिव्यांची आणि पाणीयोजनांची वीजबिलंही आयोगाच्या निधीतून भरा. राज्यभरच्या सरपंचांनी तेव्हा विरोध केला, मीही निवेदनावर सही केली होती. दिव्याचं बिल भरलं पाहिजे, ते आमच्याच गावाचं आहे. पण ते भरून झाल्यावर 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाखाली विकासाला जे उरतं, त्यात एक ओटा नीट होत नाही.

पाणी आणि स्वच्छतेसाठी पैसा बांधून ठेवण्याला माझा विरोध नाही. बांधला नसता तर पुष्कळ ठिकाणी सगळा पैसा कमानी आणि सभामंडपात गेला असता, हे मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच, की गावाच्या कमाईसाठी, बाजारासाठी, गोदामासाठी, कांदाचाळीसाठी, दूध थंड करण्याच्या सोयीसाठी स्वतंत्र आणि मोकळा पैसा कुठेच ठेवलेला नाही. त्या गोष्टी वेगवेगळ्या खात्यांच्या योजनांत विखुरल्या आहेत. कृषीची एक, पशुसंवर्धनाची दुसरी, पणनची तिसरी, उमेदची चौथी. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, निकष वेगळे, तारीख वेगळी. मोठा शेतकरी आणि तालुक्यात ओळख असलेला माणूस त्या शोधून काढतो. गाव म्हणून एकत्र मागायला गेलं की दार सापडत नाही.

दार खरं तर घटनेत आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. २४३ छ या अनुच्छेदात पंचायतींनी आर्थिक विकास आणि सामाजिक न्यायासाठी आराखडे करायचे असं लिहिलं आहे. आर्थिक विकास हा शब्द तिथे आधी आहे. ११ व्या अनुसूचीत शेती, पशुसंवर्धन, लघुउद्योग, बाजार असे २९ विषय दिले आहेत. पुढे जिल्हा नियोजन समितीबद्दलच्या तरतुदीत म्हटलं आहे, की जिल्ह्यातल्या पंचायतींनी आणि नगरपालिकांनी केलेल्या आराखड्यांचं एकत्रीकरण करून समितीने जिल्ह्याचा प्रारूप आराखडा तयार करायचा. आपल्या राज्याने त्यासाठी १९९८ मध्ये कायदाही केला. म्हणजे आमच्या महिला सभेत निघालेला ओटा ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला जायला हवा. मी जिल्ह्याच्या वार्षिक योजनेची पुस्तिका मागवून घेतली आणि चाळली. त्यात खात्यांच्या योजना होत्या, लेखाशीर्षं होती, तरतुदी होत्या. गावांचे आराखडे कुठेच नव्हते. आम्ही खालून एक कागद चढवतो, वरून दुसरा कागद उतरतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. त्यात २०२२ पासून बऱ्याच जिल्हा परिषदांच्या आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका रखडल्या, प्रशासक बसले, आणि गावाचं म्हणणं वर नेणारा निवडून आलेला माणूसही मधून निघून गेला.

पैसा गावाच्या हाती मोकळा दिला तर तो वाया जाईल, अशी भीती मंत्रालयात असेल तर आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायला महाराष्ट्राने सुरुवात केली. नावच अबंध निधी. वनहक्क, सामायिक जमिनीचा विकास, गावतळी अशा उपजीविकेच्या कामांना तो वापरता येतो आणि कुठलं काम करायचं ते ग्रामसभा ठरवते. जे धनोऱ्याला, जव्हारला, अक्कलकुव्याला चालतं, ते माण, आष्टी, जतसारख्या दुष्काळी तालुक्यांत का चालू नये?

थोडं मागे गेलं तर याहून मोठं उदाहरण आहे. रोजगार हमी. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरच्या परिसरात ती आधी छोट्या प्रमाणावर करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. पैशाची सोय म्हणून १९७५ मध्ये नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या माणसाच्या पगारातून खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम, हा विचार ज्या राज्याने देशाच्या तीस वर्षं आधी केला, त्या राज्याला गावच्या बाजारासाठी एक लेखाशीर्ष उघडणं अवघड जाऊ नये.

पण पैशाआधी माणूस हवा, हे मला पाच वर्षांत सगळ्यात जास्त कळलं. आमच्या आराखड्यातला बाजार कागदावर छान होता, पण त्याचं अंदाजपत्रक करायला तालुक्यातून कुणी येईना. एका शाखा अभियंत्याकडे किती गावं असतात, त्याच्या टेबलावर किती मोजमाप पुस्तिका पडलेल्या असतात, ते मी पाहिलं आहे, त्या माणसाला दोष देववत नाही. बाजाराची जागा गायरान, तिची परवानगी कुणाकडून आणि कशी घ्यायची हे आम्हाला माहीत नव्हतं. किती ओटे बांधावेत, भाडं किती ठेवावं, किती वर्षांत खर्च निघेल, याचा हिशेब मांडून देणारं कुणी नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी अचानक निरोप येतो, थोडा निधी शिल्लक आहे, मार्चअखेर खर्च होईल असं काम सुचवा. तयार अंदाजपत्रक ज्या कामाचं असतं तेच काम सुचवलं जातं. ते बहुतेक वेळा पेव्हर ब्लॉकचं असतं. गावात एवढे ब्लॉक का दिसतात, याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

हिवरे बाजारला दरवर्षी शेकडो सरपंच जातात. मीही गेले होते. सगळे बंधाऱ्यांचे फोटो काढतात. पोपटराव पवार १९९० मध्ये सरपंच झाले, आधी गावाने मिळून पाच वर्षांचा आराखडा केला, आणि मग रोजगार हमी, आदर्श गाव, वन विभाग, ज्याचा जो पैसा मिळेल तो त्या आराखड्यात बसवत गेले. आजही पाऊस किती झाला, पाणी किती आहे याचा ताळेबंद गावासमोर मांडून पिकं ठरतात. फोटोत येत नाही ती ही गोष्ट आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने आधी अभ्यासगट बसवला, कायदे वाचले, वर्षानुवर्षं चर्चा केली, तेव्हा कुठे २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. दोन्ही गावांना खंबीर माणसं लाभली, हे खरं. पण आपल्या राज्यात जवळजवळ २८ हजार ग्रामपंचायती आहेत, आणि प्रत्येक गावात असा माणूस जन्माला येण्याची वाट सरकारने पाहावी का?

केरळने १९९६ मध्ये वेगळा मार्ग धरला. नियोजनाच्या पैशातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं, आणि त्याचबरोबर माणसं उभी केली. हजारो लोकांना प्रशिक्षण दिलं, प्रत्येक पंचायतीचा विकास अहवाल लिहून घेतला, निवृत्त अभियंते, डॉक्टर, कृषी अधिकारी यांची स्वयंसेवी तांत्रिक पथकं केली, जी गावाच्या प्रस्तावाचं तांत्रिक अंग तपासून देत. आपल्या प्रत्येक तालुक्यात असे पाच-पन्नास निवृत्त लोक बसून आहेत. पाटबंधाऱ्यातले, बँकेतले, बाजार समितीतले, शिक्षक तर किती. त्यांना कुणी विचारत नाही.

म्हणून मागणं आहे ते असं. दहा-बारा गावांमागे एक छोटं नियोजन पथक द्या : एक अभियंता, एक हिशेब आणि बँक प्रस्ताव जाणणारा माणूस, एक शेतमाल आणि बाजार समजणारा. त्यांचा पगार गावाच्या अबंधित निधीतून कापू नका. पथकाने वर्षातून दोनदा ग्रामसभेत येऊन काय केलं ते सांगावं, आणि त्याचं काम बरं की वाईट याचा शेरा ग्रामसभेने द्यावा. प्रत्येक ग्रामपंचायतीला आराखडा तयार करण्यासाठीच थोडा पैसा द्या, ज्यातून मोजणी होईल, अंदाजपत्रक होईल, मातीची आणि पाण्याची तपासणी होईल. आज हा खर्च ठेकेदार करतो, आणि जो अंदाजपत्रकाचा खर्च करतो तो काम आपलंच धरून चालतो. हे आपल्यालाही माहीत असेल.

जिल्हा वार्षिक योजनेतला ठरावीक वाटा फक्त ग्रामसभांनी मंजूर केलेल्या आराखड्यांतल्या आर्थिक कामांसाठी राखून ठेवा. किती टक्के ते आपण ठरवा, पण तो वाटा गावाच्या नावाने हवा, पत्र आणणाऱ्याच्या नावाने नको. उमेदच्या ग्रामसंघांनी केलेला आराखडा आणि ग्रामपंचायतीचा आराखडा आज दोन वेगवेगळ्या फायलींत असतो, ते एकत्र वाचले गेल्याशिवाय मंजुरी देऊ नका.

आणि सगळ्यात साधं मागणं, ज्याला एक पैसा लागत नाही. पुढच्या तीन वर्षांत आमच्या गावाला अंदाजे किती निधी मिळेल, हे ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी लेखी कळवा. हातात किती आहे हे माहीत नसताना घरातली बाईसुद्धा महिन्याचं सामान ठरवू शकत नाही. आकडा माहीत असला की ग्रामसभेत भांडणं होतात, पण ती खरी भांडणं असतात, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर याची. आकडा नसला की प्रत्येक जण आपली मागणी यादीत घालतो, यादी दीडशे कामांची होते, आणि मग त्यातलं काय निवडायचं ते दुसरंच कुणीतरी ठरवतं.

मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात चांगल्या ग्रामपंचायतीला राज्यस्तरावर ५ कोटींपर्यंत बक्षीस ठेवलं आहे. ज्यांना मिळेल त्यांचं मनापासून अभिनंदन. पण बक्षीस पळणाऱ्याला मिळतं, आणि ज्या गावाला अजून उभं राहायला आधार हवा आहे त्याला ते मिळत नाही. तो आधार वेगळा द्यावा लागेल.

आमच्या बाजाराचं काय झालं ते सांगते. माझ्या शेवटच्या वर्षी आम्ही लोकवर्गणी केली. ग्रामसंघाने बचतीतून भर घातली, मुंबईत माथाडीत असलेल्या गावच्या मुलांनी पैसे पाठवले, थोडा अबंधित निधी टाकला, आणि अकरा ओटे बांधले. पुढच्या लिलावात बोली आधीच्या दीडपटीच्या वर गेली. अकरा ओट्यांवर पंचवीस बायका आळीपाळीने बसतात. पत्र्याचे पैसे जमले नाहीत. संडासाचा खड्डा खणून तयार आहे, वरचं बांधकाम बंधित निधीत मंजूर आहे, तांत्रिक मान्यता यायची आहे.

१५ व्या वित्त आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची, त्यापुढची पाच वर्षं १६ व्याची. नव्या पाच वर्षांच्या राज्याच्या मार्गदर्शक सूचना आपल्याच खात्यातून निघतात. त्या लिहिताना एकदा एखाद्या गावच्या महिला सभेला येऊन बसा, पाठीमागे, सत्कार न घेता. आमच्याकडे आलात तर मंगळवारी या. सकाळी नऊपर्यंत पोहोचलात तर ओट्यासाठी चाललेली घाई दिसेल, आणि ज्यांना ओटा मिळाला नाही त्या कुठे बसतात तेही दिसेल.

आपली,
एका गावाची माजी सरपंच